तळमजल्यावरचे विमानमालक

स्वतःच्या मालकीचं विमान असलेला आणि त्या विमानात एकदाही न बसलेला माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो डोंबिवली पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाच्या खोलीला लागून राहतो. आता जग मी काही पाहिलेलं नाही. कल्याणला कॉलेजला जाते आणि परत येते, एवढंच माझं जग. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करण्याआधी मी इतका विचार करते की तोवर दुसरंच कुणीतरी उत्तर देऊन मोकळं होतं. पण काकांच्या बाबतीत हे विधान करताना मला जराही धाकधूक वाटत नाही. असा दुसरा माणूस असता तर काकांनी त्याला शोधून काढलं असतं, आणि तासाला किती सुटतात हे विचारून त्याचं डोकं उठवलं असतं.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. ते सगळ्या बिल्डिंगचे काका आहेत; चौथ्या मजल्यावरचे त्यांच्याहून मोठे आजोबासुद्धा त्यांना काकाच म्हणतात. मूळचे ठाण्याचे, टेंभी नाक्याच्या गर्दीत लहानाचे मोठे झालेले. ठाण्याच्याच एका कंपनीत हिशेब खात्यात उभी हयात गेली. कंपनीने मुदतीआधी घरी बसवलं तेव्हा हातात बरी रक्कम आली, आणि रीतीप्रमाणे काका घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला निघाले. बरोबर कंपनीतला एक मित्र आणि त्याचा भाचा होता. त्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये गाडी अशी अडकली की सँपल फ्लॅट बंद व्हायची वेळ झाली तरी हे सगळे तिथेच. हा भाचा घाटावर एका तालुक्याच्या गावाजवळ विमान चालवायला शिकत होता. वेळ जावा म्हणून तो सांगायला लागला, की आमच्या शाळेत पोरं ढीगभर आणि विमानं मोजकी, उडायचा नंबर लागायला आठवडा जातो. कुणी एखादं जुनं विमान आणून शाळेला भाड्याने दिलं तर ते जमिनीवर टेकायचंच नाही. काकांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "जुनं म्हणजे केवढ्याला?" आणि आकडा ऐकल्यावर ते समोरच्या बंद पडलेल्या रांगेकडे बघत म्हणाले, "म्हणजे टू-बीएचकेच की. आणि हे हलतं तरी."

काकूंना हे सगळं विमान घेऊन झाल्यावर कळलं असं नाही, पण कळेपर्यंत उशीर झाला होता हे खरं. अजूनही कुणी नवीन माणूस भेटला की त्या एकाच वाक्यात सगळी हकिगत संपवतात, "लोकांचे नवरे घोडबंदरला फ्लॅट बघून येतात, आमचे विमान बघून आले." यावर काका दर वेळी इतके मनापासून हसतात, की ऐकणाऱ्याला वाटावं काकू त्यांचं कौतुकच करतायत. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. आता वाटतं, तेव्हाच कदाचित मला बरोबर वाटत होतं.

विमान म्हणजे सिनेमात दाखवतात तसं नव्हे. पुढे एकच पंखा, दोनच माणसं बसतील एवढी जागा, आणि तीही अशी की एकाने कोपर हलवलं तर दुसऱ्याच्या बरगडीत जावं. फोटोत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते एखाद्या समंजस गाढवासारखं वाटलं होतं, पण हे मी काकांना कधी बोलले नाही. शाळा ते विमान चालवायची. पेट्रोल शाळेचं, शिकवणारे शाळेचे. जितके तास विमान उडेल तितक्या तासांचं भाडं काकांना. विमा, वर्षाची तपासणी, छपराखाली ठेवायचं भाडं आणि मुख्य म्हणजे इंजिन, हे काकांच्या अंगावर. अशा इंजिनाचं आयुष्य वर्षांत नाही, तासांत मोजतात. ठरलेले तास भरले की ते पूर्ण उघडून नवं केल्यासारखं करायचं, आणि त्याला एवढा खर्च की बाकी विमान त्यापुढे स्वस्त वाटावं. म्हणून काका प्रत्येक तासाच्या भाड्यातला एक हिस्सा इंजिनासाठी वेगळा काढायचे. "उडालेल्या प्रत्येक तासात आपण थोडं इंजिन खाल्लेलं असतं," ते मला समजावायचे, "ते ज्याचं त्याला परत करायचं. नाहीतर आपण कमावतोय असं वाटतं आणि असतो आपण इंजिन विकत."

हे एकदा डोक्यात बसल्यावर काकांनी घरातल्या एकाही वस्तूला साधं आयुष्य जगू दिलं नाही. फडताळात स्टीलच्या डब्यांची एक रांग आली. मिक्सरचा डबा, पंख्यांचा डबा, गॅसच्या शेगडीचा डबा, आणि शेवटी एक लहानसा, काकांच्या दातांचा. मिक्सर फिरला की मिक्सरच्या डब्यात नाणं पडायचं. काकू चटणी पाट्यावर वाटायला लागल्या त्या तेव्हापासून. पुढे एका दिवाळीत चकलीची भाजणी दळताना मिक्सरची मोटर जळाली. धुराचा वास वरपर्यंत आला म्हणून आम्ही धावत खाली गेलो, तर काका पेढे आणायला निघालेले. डबा उघडला होता, त्यात नव्या मोटरला पुरून उरतील एवढे पैसे होते, आणि काकांच्या तोंडावर दहावीच्या निकालाचा आनंद होता. "बघ! बघ! भरला होता!" ते काकूंना म्हणत होते. काकू म्हणाल्या, "अहो, पण माझी भाजणी?" भाजणीचा डबा मात्र काकांनी केलेला नव्हता.

त्यांच्या लग्नातल्या कोटाचीही एक गोष्ट आहे. काकांनी एकदा हिशेब मांडला, की हा कोट आपण आयुष्यात फार तर पाच-सहा वेळा घातला, म्हणजे दर वेळेला तो फारच महाग पडला. वस्तू उभी राहिली की महाग पडते, हे त्यांचं विमानातून शिकलेलं तत्त्व. मग भर मे महिन्यात काका कोट घालून फडके रोडला कोथिंबीर आणायला जायला लागले. भाजीवाली मावशी त्यांना बघून म्हणायची, "काय काका, कुणाचं लगीन?" काका गंभीरपणे सांगायचे, "कुणाचं नाही. दर खाली आणतोय." तिला वाटायचं कोथिंबिरीचा, आणि ती भडकायची.

बिल्डिंगमध्ये विमानाच्या धंद्यातलं खरं कळणारा एकच माणूस आहे असं काकांचं मत होतं, आणि तो माणूस म्हणजे माझे बाबा. बाबा रिक्षा चालवतात. काका त्यांना 'कॅप्टन' म्हणतात. आधी बाबांना ती थट्टा वाटायची आणि ते मान खाली घालून निघून जायचे. पण काका थट्टा करतच नव्हते. संध्याकाळी बाबा रिक्षा लावून आले की काका त्यांना कट्ट्यावर बसवून घ्यायचे. "कॅप्टन, तुमचं पासिंग, आमचं पासिंग. तुमचा इन्शुरन्स, आमचा इन्शुरन्स. तुम्ही गॅसच्या लाइनीत उभे, आमचं विमान ढगांच्या लाइनीत. सांगा, फरक काय?" बाबा थोडा वेळ विचार करून म्हणायचे, "काका, आम्हाला सुट्टे द्यायला लागतात." एवढ्यावर दोघे हसत बसायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि बाबा शिकलेल्या माणसांपुढे सहसा बसत नाहीत, उभेच राहतात. काकांच्या कट्ट्यावर ते मांडी घालून बसायचे. काकांनी माझ्यासाठी बरंच केलं, पण मला विचाराल तर हे पहिलं.

मी कॉमर्सला गेले तेव्हा काकांना झालेला आनंद माझ्या आईबाबांपेक्षा कणभर जास्तच असेल. तेव्हापासून माझं नाव पडलं 'कॉमर्स'. "काय गं कॉमर्स, कॉस्टिंग सुरू झालं का?" सुरू झालं तेव्हा मला काहीही कळत नव्हतं. काकांनी मला पुस्तक मिटायला लावलं आणि म्हणाले, "विमान छपराखाली उभं आहे. कुणी उडवत नाही. काय काय खर्च होतो?" मी म्हटलं, विमा, छपराचं भाडं. "हा तुझा स्थिर खर्च. आता ते उडालं. काय वाढलं?" पेट्रोल, तेल, टायर, इंजिन. "हा बदलता. आता सांग, जास्त उडालं की दर तासाला महाग की स्वस्त?" मला ते लख्ख दिसलं. पुढे तोंडी परीक्षेत सरांनी स्थिर खर्चाचं उदाहरण विचारलं. सगळ्यांनी कारखान्याचं भाडं सांगितलं होतं. मी अडखळत दोन आसनी विमानाचा विमा सांगितला. सर म्हणाले, "अगं, कुणाचं विमान?" माझ्या तोंडून निघालं, "आमच्या खालच्या काकांचं." मागे रांगेत उभी असलेली मुलं खूप हसली, पण सरांनी पूर्ण मार्क दिले.

मग काका स्वतः विमानात का बसले नाहीत, हा प्रश्न सगळेच विचारायचे. शाळेतले शिकवणारे तर दर भेटीत म्हणायचे, चला काका, एक चक्कर मारू. काकांचं उत्तर ठरलेलं, "तेवढ्या वेळात एखादं पोरगं उतरायला शिकेल." मालकाच्या हौसेसाठी खर्च झालेला तास विकता येत नाही आणि इंजिनाला परतही देता येत नाही, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. पण मला वाटतं, हे नुसतं पैशाचं नव्हतं. कारण एकदा त्यांनी शाळेशी चक्क स्वतःच्या नुकसानीसाठी भांडण केलं होतं. विमानाचं मीटर इंजिन चालू झालं की पळायला लागतं, आणि धावपट्टी मोकळी व्हायची वाट बघत पोरं इंजिन चालू ठेवून उभी असायची. काकांनी फोन करून सांगितलं, आधी धावपट्टी मोकळी आहे का बघा, मग इंजिन चालू करा. काकू म्हणाल्या, "अहो, पण मीटर पळालं तर पैसे तुम्हालाच मिळतात ना?" काका म्हणाले, "म्हणूनच टोचतात. पोराच्या आईबापांनी वर जायचे पैसे दिलेत, खाली उभं राहायचे नाही." त्या विमानात शिकून गेलेली सगळी मुलंमुली काकांची होती. संध्याकाळी गच्चीवर उभं असताना मुंबईकडे उतरणारं एखादं मोठं विमान वरून गेलं की ते हळूच म्हणायचे, "आपलं पोरगं असेल." कधी कधी दर दोन मिनिटांनी आपलं पोरगं जायचं.

काकांचा एकच शत्रू होता, तो म्हणजे पावसाळा. ढग खाली आले की शिकणारी पोरं उडू शकत नाहीत, आणि घाटावर तर ढग अंगणात येतात. आठवडेच्या आठवडे विमान छपराखाली उभं. सगळी डोंबिवली उकाड्यातून सुटल्याच्या आनंदात भजी तळत असायची आणि काका रोज सकाळी शाळेला फोन लावून विचारायचे, "आज काही दिसतंय का?" मग काकांना आपल्याच एका विचाराने पछाडलं. माणूस पडून राहिला की सांधे धरतात, मग इंजिनाचे धरणारच. म्हणून पावसाळ्यात दर रविवारी पहाटेची एसटी पकडून काका घाटावर जायचे, छपराखाली कुणी नसेल तेव्हा विमानाचा पंखा दोन्ही हातांनी धरून हळूहळू फिरवायचे, आणि संध्याकाळी घरी. आम्हाला सांगायचे, "हातपाय मोकळे करून आलो त्याचे." काकू डबा द्यायच्या, त्यात दोन पोळ्या जास्त असायच्या. त्या कुणासाठी, हे मी कधी विचारलं नाही.

असा दुसरा पावसाळा संपत आला तेव्हा एका रविवारी शाळेच्या इंजिनिअरने त्यांना पंखा फिरवताना पाहिलं. काका सांगतात, की तो आधी ओरडलाच. चावी बंद असली तरी असा पंखा फिरवताना कधी कधी इंजिन चालू होतं, हात जागेवर राहिला नसता. काकांनी सॉरी म्हटलं. मग त्याने विचारलं, "किती दिवस करताय हे?" काका अभिमानाने म्हणाले, "दोन पावसाळे. एकही रविवार चुकवला नाही." इंजिनिअर शेजारच्या स्टुलावर बसला. मग अगदी समजुतीने त्याने सांगितलं, की इंजिन बंद होतं तेव्हा आतल्या भिंतींवर तेलाचा एक पातळ थर राहतो आणि तोच दमट हवेपासून त्यांना सांभाळतो. हाताने फिरवलं की तो थर पुसला जातो, आणि नवं तेल काही वर चढत नाही. इंजिन तसंच उभं राहू दिलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे तपासणीत इंजिनाच्या आत गंज निघाला. ठरलेले तास भरायच्या बरंच आधी ते उघडावं लागणार हे नक्की झालं. काकांनी इंजिनासाठी बाजूला काढलेली रक्कम अपुरी होती, कारण तास अपुरे होते, आणि भाग सगळे परदेशातून यायचे, त्यांचे दर तोवर चढलेले. इंजिनिअरने फोनवर दोनदा सांगितलं, "काका, पावसाचंही असेल ते, सगळं तुमच्या हाताचं नाही." काका म्हणाले, "हो, हो, असेल," आणि फोन ठेवून पंपाच्या खोलीजवळ जाऊन उभे राहिले. तेव्हा मी क्लासला निघाले होते. त्यांनी स्वतःचे तळहात पाहिले आणि मला म्हणाले, "कॉमर्स, मला फक्त त्याला एकटं वाटू नये एवढंच होतं गं."

विमान विकायचं ठरलं. विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या एका संस्थेने ते घेतलं. तिथली मुलं ते रोज उघडणार आणि रोज जोडणार, पण यापुढे ते उडणार नव्हतं. काकांनी हेही चांगलंच मानलं. "निदान उभं राहणार नाही," ते बाबांना म्हणाले. मात्र संस्थेच्या धावपट्टीपर्यंत ते एकदा उडवून न्यावं लागणार होतं. इंजिनिअरने तपासून सांगितलं, एवढ्या एका प्रवासाला काही होणार नाही. आणि बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की हे उड्डाण कुणा विद्यार्थ्याचं नाही. हा तास कुणाला विकायचा नाही. शाळेतली जी मुलगी विमान घेऊन जाणार होती ती याच विमानात शिकून तिथेच शिकवायला लागली होती. तिने स्वतः फोन केला, "काका, शेजारची सीट रिकामी आहे. कागदपत्रं मी करून घेते. या वेळी नाही म्हणायचं नाही."

काका नाही म्हणाले नाहीत. फक्त रात्रीचा भात बंद केला. काकूंनी कारण विचारलं नाही, पण त्यांनी आमच्याही घरी सांगून ठेवलं, यांना काही गोड देऊ नका. काका सकाळी बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायला लागले. चौथ्या मजल्यावरचे आजोबा वरून ओरडायचे, "काका, वजन कमी करताय की धावपट्टी तयार करताय?" आणि काका खालून हात हलवायचे.

त्या दिवशी बाबांनी मित्राची गाडी आणली आणि आम्ही चौघे अंधारातच निघालो. धावपट्टीजवळच्या छपराखाली ते विमान पुसून उभं केलेलं होतं. मी ते पहिल्यांदाच समोर पाहत होते. फोटोतल्यापेक्षाही लहान होतं. शाळेतल्या मुलांनी त्याच्या नाकावर झेंडूचा हार घातला होता. ती मुलगी आली, काकांच्या पाया पडली, आणि मग जरा चाचरत म्हणाली, "काका, एकदा काट्यावर उभं राहता का?" सामान तोलायचा काटा होता. काका चपला काढून उभे राहिले. मग घड्याळ काढलं. मग खिशातला रुमालसुद्धा काढून काकूंकडे दिला. मुलीने आकडा पाहिला, कागदावर काहीतरी मांडलं, पुन्हा मांडलं. काकांनीच विचारलं, "किती जास्त?"

ती म्हणाली, "काका, तुम्ही, मी आणि पेट्रोल, तिघांतले दोघंच जाऊ शकतो."

"मग मी आणि पेट्रोल जातो," काका म्हणाले. "तू राहा खाली."

सगळे हसलो. काका सगळ्यांत मोठ्याने हसले. मुलीचे मात्र डोळे भरले होते. ती म्हणाली, "पेट्रोल कमी घेतलं तर कदाचित पोचूही. पण कदाचितवर मी उडत नाही, काका." "उडूच नकोस," काका पटकन म्हणाले. "माझ्या विमानात शिकलीस आणि कदाचितवर उडालीस तर भाडं परत मागेन." मग ते काट्यावरून उतरले, आणि जणू आधीपासून तेच ठरलेलं असावं तसे काकूंकडे वळून म्हणाले, "तू बस."

"मी?" काकू दचकल्या. "माझा काय संबंध?"

"कागदावर निम्मी मालकीण आहेस."

"अहो, ते तुम्ही टॅक्ससाठी केलेलं!"

"टॅक्सवाल्यांनी मानलंय. मग मीही मानायला नको?"

काकू नको नको म्हणत होत्या, आणि म्हणता म्हणता त्यांनी पदर खोचला. मुलीने त्यांनाही काट्यावर उभं केलं, आकडा बसला, तसं कागदावर काकांच्या जागी त्यांचं नाव लिहिलं. विमानात चढण्याआधी त्यांनी चपला काढून बाहेर नीट जोडून ठेवल्या. ती मुलगी म्हणाली, काकू, असू देत पायात. काका म्हणाले, "राहू दे तिला," आणि चपला उचलून त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकल्या. मग खिडकीतून वाकून सूचना, "तिकडे कशाला हात लावू नकोस हं." काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं लावलाय का?"

पंखा फिरायला लागला. विमान हळूहळू धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, आणि आवाज करत आमच्यासमोरून पळालं. मला वाटत होतं ते उडणारच नाही, आणि तेवढ्यात त्याची चाकं जमिनीपासून सुटली. खिडकीतून काकूंचा हात दिसल्यासारखा वाटला, पण मी खात्रीने सांगू शकत नाही. काका मान वर करून बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी ते उडताना कितीदा तरी पाहिलं असेल, पण त्या दिवशी ते म्हणाले, "किती हलकं दिसतं, नाही?" बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी बाबांना कुणाच्या खांद्यावर असा हात ठेवताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग आम्ही रस्त्याने संस्थेच्या गावाला निघालो. काका अर्धे खिडकीबाहेर. "कॅप्टन, जरा दाबा की!" बाबा म्हणाले, "काका, त्या वरून गेल्यात. इथे पुढे म्हशी आहेत." आम्ही पोचलो तेव्हा विमान कधीचंच उतरलं होतं आणि काकू त्याच्या पंखाच्या सावलीत अनवाणी उभ्या होत्या. काकांनी पिशवीतून चपला काढून त्यांच्या पायाशी ठेवल्या आणि विचारलं, "कसं वाटलं?" काकू म्हणाल्या, "आवाज फार आहे." एवढंच. काकांनी मान डोलावली. संस्थेच्या लोकांनी विमान ढकलत आत नेलं. काकांनी शेपटीला हात लावून थोडं अंतर ढकललं, आणि दाराशी थांबले.

परतताना काका खिडकीची काच वर करून सरळ बसले होते. मला वाईट वाटत होतं, की एक रिकामी सीट होती आणि ती अशा माणसाला मिळाली, ज्याला तिचं काहीच नव्हतं. घाट उतरल्यावर चहाला थांबलो, तेव्हा कपाकडे बघत काकू एकदम म्हणाल्या, "अहो, शेतांना कडा असतात हो. वरून दिसतात. साडीच्या काठासारख्या." आणि त्या जे बोलायला लागल्या ते डोंबिवली येईपर्यंत थांबल्या नाहीत.

याला आता वर्ष होत आलं. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आलीय, आमच्या घरात जागा नाही, म्हणून मी संध्याकाळी काकांच्या बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसते. जेवणं झाली की आतल्या खोलीतला दिवा मालवला जातो आणि काकूंचं सांगणं ऐकू येतं. धरणाचं पाणी कसं पत्र्यासारखं चमकत होतं. एका वस्तीवरची पोरं कशी विमानाच्या सावलीमागे धावत होती. दर वेळी त्यात थोडी भर पडते. ती खरी की त्यांनी मागाहून घातलेली, हे मला कळत नाही, आणि काकांना बहुतेक कळून घ्यायचं नाही. ते मधेमधे फक्त हं हं म्हणतात. परवा त्यांनी विचारलं, "आणि डावीकडे काय होतं?"

काकू म्हणाल्या, "डावीकडचं कुठलं दिसायला? डावीकडे ती पोरगी बसलेली ना."

माझं पान उलटायचं राहिलं.

"बरं," काका म्हणाले, "मग उजवीकडचं परत सांग."